शस्त्रे कुणाला विकायची, हे संसदेला विचारा: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री श्री. राजनाथ सिंहजी,

सविनय नमस्कार.

२०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली आणि २०२९ पर्यंत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट आपण जाहीर केले आहे. हा व्यवसाय आम्हा पुणेकरांना परका नाही. मुनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालय इथेच आहे. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती इथल्या कारखान्यांवर हजारो मराठी घरांची चूल पेटते आणि तिथे जीव धोक्यात घालूनच काम करावे लागते, हे जानेवारी २०२५ मधल्या भंडाऱ्याच्या स्फोटाने पुन्हा दाखवले. त्यामुळे ही निर्यात बंद करा, असे मी म्हणत नाही. फिलिपिन्सने ब्राह्मोस घेतले याचा मलाही अभिमान वाटतो. पण कोणत्या मित्रदेशाला काय विकायचे हे ठरताना आपली संसद कुठेच नसते, हे मला मान्य नाही.

अधिकार कुणाचा, याबाबत संविधानात संदिग्धता नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूची काढून पाहावी. शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके पाचव्या नोंदीत आहेत, परराष्ट्र व्यवहार दहाव्या आणि परदेशांशी व्यापार एकेचाळिसाव्या. या तिन्हींवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. अनुच्छेद ७३ सरकारला कार्यकारी अधिकार देतो तोही संसदेला जिथे कायदा करता येतो त्याच विषयांपुरता, आणि संसदेच्या कायद्यांच्या चौकटीत. अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. व्यवहारात मात्र १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने हा सगळा कारभार सरकारच्या हाती सोपवला. स्कोमेट, म्हणजे निर्यातीसाठी परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंच्या यादीतल्या दारूगोळ्याच्या निर्यातीला आपल्याच मंत्रालयातला संरक्षण उत्पादन विभाग परवानगी देतो. तो परवाना खासदारांपुढे येत नाही. प्रश्नोत्तरांत विचारले, तर देशांची नावे सांगणे सामरिक कारणांमुळे शक्य नाही, असे उत्तर मिळाल्याची उदाहरणे आहेत.

याचे परिणाम २०२४ मध्ये दिसले. मे महिन्यात चेन्नईहून इस्रायलच्या हैफा बंदराकडे सुमारे २७ टन स्फोटके घेऊन निघालेल्या जहाजाला स्पेनने आपल्या बंदरात थांबू दिले नाही. आपल्या किनाऱ्यावरून काय निघाले, हे इथल्या नागरिकाला स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या तोंडून कळावे? सप्टेंबरमध्ये युरोपीय ग्राहकांना विकलेले भारतीय तोफगोळे युक्रेनला पोहोचल्याची बातमी आली. परराष्ट्र मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. मंत्रालयाचे म्हणणे बरोबरही असेल. पण ते तपासून पाहण्याची सोय एकाही खासदाराकडे नव्हती, आणि मला खटकते ते हेच.

त्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, त्यात न्यायालय पडणार नाही, असे खंडपीठाने सांगितले. न्यायालयाने आपली मर्यादा ओळखली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग गाझातल्या युद्धाच्या काळात इस्रायलला शस्त्रे द्यावीत की नाही, हा प्रश्न विचारायचा कुठे? न्यायालयात नाही, तर संसदेतच विचारायला हवा. तिथे तर कागदच येत नाही.

अमेरिकेत १९७६ पासून शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आहे. ठरावीक रकमेवरचा सौदा असेल, तर अध्यक्षांना काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आधी कळवावे लागते. साधारणतः तीस दिवस आधी; नाटो देश, इस्रायल, जपान अशा जवळच्या मित्रांसाठी पंधरा दिवस आधी. मित्रदेश म्हणून मुदत कमी होते, सूचना टळत नाही. या व्यवस्थेतल्या उणिवाही मला दिसतात. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या चड्ढा खटल्यातील निकालानंतर केवळ दोन्ही सभागृहांच्या ठरावाने सौदा अडवता येईना; अध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडायला दोन तृतीयांश मते लागू लागली. अशा ठरावाने काँग्रेसला आजवर एकही सौदा रोखता आलेला नाही. मे २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने आणीबाणीचे कारण देऊन सौदी अरेबिया, अमिराती आणि जॉर्डनचे २२ व्यवहार काँग्रेसला डावलून पुढे रेटले. विरोधातले ठराव मंजूर झाले, पण नकाराधिकारापुढे टिकले नाहीत. तरीही १९८६ मध्ये सौदीला क्षेपणास्त्रे देण्यावरून वाद पेटला, तेव्हा अध्यक्ष रेगन यांना स्टिंगर क्षेपणास्त्रे त्या सौद्यातून काढावी लागली, आणि एवढे करूनही सिनेटमध्ये त्यांचा नकाराधिकार केवळ एका मताने वाचला. सौदा खासदारांपुढे ठेवावा लागला म्हणूनच हे घडले.

गोपनीयतेचे काय, असे आपण विचाराल. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०१४ मध्ये याचे उत्तर दिले आहे. मंजुरीपूर्वीची चर्चा सरकारने गुप्त ठेवावी, पण मंजुरी दिल्यावर ती कशाला आणि कोणत्या देशासाठी दिली, हे जाणून घेण्याचा खासदारांना हक्क आहे. आपल्याकडेही संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे आणि तिच्या बैठका बंद दाराआडच होतात. देशाची अंदाजपत्रकीय संरक्षण तरतूद जी समिती तपासते, तिच्यावर तोफगोळ्यांच्या एका परवान्यापुरता विश्वास टाकायला काय हरकत आहे?

म्हणून विनंती अशी. १९९२ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणावे. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक शस्त्रविक्रीची सूचना तीस दिवस आधी स्थायी समितीला मिळावी. खरोखर निकड असेल तर मुदत कमी करावी, पण निकडीचे कारण लेखी द्यावे. अमेरिकेतली आणीबाणीची पळवाट आपल्याकडे नको. युद्ध सुरू असलेल्या देशाला विक्री करायची झाल्यास लोकसभेत चर्चा आणि मतदान व्हावे. आणि दरवर्षी देशनिहाय अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा.

आपण स्वतः अनेक वर्षे विरोधी बाकांवर बसलेले आहात. माहिती नसताना सरकारला जाब विचारणे किती कठीण असते, हे मी आपल्याला सांगायला नको. कायदा व्हायला वेळ लागेल, पण देशनिहाय अहवालासाठी कायदा लागत नाही. आपल्या सहीने तो पुढच्याच अधिवेशनात पटलावर येऊ शकतो. तो येणार का, एवढे उत्तर मला हवे आहे.

आपला,
पुण्यातील एक मतदार