बीसीए, बीएस्सी आयटीवाले, आपापले क्रेडिट आत्ताच मोजून घ्या

राम राम मंडळी, अमळनेर, चोपडा, शिरपूरकडची जी पोरंपोरी कॉम्प्युटरच्या डिग्रीला आहेत त्यांनी हे नीट वाचा. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या डिग्रीला कमीत कमी १२० क्रेडिट (म्हणजे पेपर पास झाला की त्याचे खात्यात जमा होणारे अंक) लागतात, चौथं वर्ष करून ऑनर्स हवी असेल तर १६०, आणि ते नुसते प्रोग्रामिंग न् डेटाबेसचे नाहीत बरं का, त्यात मायनर (म्हणजे दुय्यम विषय), भाषा, स्किलचे पेपर आणि इंटर्नशिप पण येते. पोरं मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, जीव तोडून अभ्यास करतात आणि दोन क्रेडिटचा छोटा पेपर तसाच राहतो, मग डिग्री अडते, फार वाईट वाटतं बघून.

एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढला नसेल तर डिजिलॉकरवरून आजच काढा. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी, स्पेलिंगही वेगळं, तर दोन्ही कागद समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा भो.

आणि धाकट्या भावंडांना सांगा, २०२४-२५ पासून बीसीएला सीईटी आहे, फॉर्मची तारीख सीईटी सेलच्या साइटवरच बघा. काही अडलं तर इथेच विचारा, लाजू नका.