म्हशीच्या पान्ह्याविषयी

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नवी पंढरपुरी म्हैस पान्हा चोरते, म्हणजे धारेच्या वेळी दूध सोडत नाही, म्हणून तिला रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याचा सल्ला तुला कोणी दिला आहे, हे वाचून मला राहवले नाही. तसे करण्यापूर्वी कासेची रचना समजून घे, एवढी विनंती आहे.

दूध सडांत तयार उभे असते, हा समज शेळीच्या बाबतीत बराचसा खरा, गाईच्या बाबतीत थोडा आणि म्हशीच्या बाबतीत जवळजवळ खोटा आहे. दूध बनते ते कासेतील अतिसूक्ष्म पिशव्यांत, आणि तेथून बारीक नळ्यांवाटे ते सडावरच्या पोकळीत उतरते. गाईच्या या पोकळीत सुमारे 20 टक्के दूध आधीच साठलेले असते, म्हशीच्या पोकळीत मात्र जेमतेम 5 टक्के. बाकीचे वरच असते आणि सड कितीही ओढले तरी ते येत नाही. (डुकरिणीला तर ही पोकळीच नसते, त्यामुळे पिलांना दर खेपेस काही सेकंदच दूध मिळते.)

रेडकाने ढुशी देऊन सड चोखले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि कासेत पोहोचून पिशव्यांभोवतीच्या पेशींना आकसायला लावते. त्या आकसल्या, की दूध खाली लोटले जाते. गाईला याला मिनिटभर पुरते, म्हशीला दोन-तीन मिनिटे, कधी त्याहूनही अधिक लागतात. सुरकुतलेला, मऊ सड भरून ताठ झाला, की मगच धारेला बैस, आणि हात थांबवू नकोस, कारण हा परिणाम फार वेळ टिकत नाही.

भ्यालेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढते आणि पान्हा अडतो. तुझी म्हैस बाजारातून नव्या गोठ्यात, नव्या हाताखाली आली आहे. तिला धाक दाखवणे म्हणजे दूध आपणच अडवणे होय. कोल्हापुरात गवळी याच जातीच्या म्हशी चौकात आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, इतकी ती शांत आणि माणसाळणारी आहे. रोजच्या इंजेक्शनाची मात्र तिला सवय जडते आणि पुढे त्याखेरीज ती पान्हा सोडत नाही.

धारेची वेळ, जागा आणि माणूस बदलू नकोस; आधी रेडकू पाज, कास कोमट पाण्याने धू. धार झाल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडेच असते, म्हणून तेव्हा पुढे वैरण टाक, म्हणजे ती शेणात बसणार नाही. पहिल्या धारा काळ्या भांड्यात घेऊन पाहा. गुठळ्या दिसल्या, तर तो कासदाह (कासेला सूज आणणारा आजार) समजून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलाव.

तुझा स्नेही