तोरिनोच्या कांस्यपदकाविषयी

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आइस डान्स म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीने करायचा नाच करणाऱ्या एलेना ग्रुशिनाविषयी तू लिहिले आहेस की, 2006 साली तोरिनोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बाकीच्या जोड्या पडल्या म्हणून तिच्या पदरात कांस्यपदक पडले. ते वाक्य दोन दिवस मनात सलत राहिले, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

एलेना आणि तिचा जोडीदार रुस्लान गोंचारोव हे दोघेही ओडेसाचे. युक्रेनकडून ते 1998 साली नागानोच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा पंधरावे आले, 2002 साली सॉल्ट लेक सिटीत नववे. सहापैकी गुण देण्याच्या जुन्या पद्धतीत आइस डान्समधले क्रमांक सहसा हलत नसत आणि मागच्या जोडीने कितीही सुरेख नाच केला तरी तिला पुढच्यांच्या निवृत्तीची वाट पाहावी लागे. सॉल्ट लेक सिटीतल्या गुणदानाच्या वादानंतर ही पद्धत बदलली आणि प्रत्येक गिरकीला, प्रत्येक उचलीला वेगळे गुण मिळू लागले. 2005 साली या दोघांनी युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक आणि मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि पुढच्या वर्षी लियोंला पुन्हा युरोपीय रौप्य. तोरिनोला ते उतरले ते पदकाचे दावेदार म्हणूनच, हे तुझ्या पत्रात कुठेच आले नाही.

आता त्या रात्रीविषयी. 19 फेब्रुवारीला लॅटिन नाचांची फेरी होती. आघाडीवर असलेली इटलीची फुझार-पोली आणि मार्गालिओ ही जोडी शेवटी शेवटी पडली आणि नाच संपल्यावर ती दोघे एकमेकांकडे रोखून पाहत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. कॅनडाची मारी-फ्रान्स द्युब्रॉय उचलीतून खाली आदळली आणि तिच्या जोडीला माघार घ्यावी लागली. पण सुधीर, या खेळात जोडीदाराला डोक्यावर हात नेऊन उचलता येत नाही, फार काळ एकमेकांपासून दूर जाता येत नाही. दोन जणांच्या स्केटची पाती इतकी जवळून फिरतात की, एकाचे पाते दुसऱ्याच्या पात्यात अडकू नये म्हणून टाचेमागचा भाग मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. अशा अंतरावर, लॅटिन तालाच्या वेगात, पात्याच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जाताना उभे राहणे हेच तर मुळात कौशल्य आहे. त्याला नशीब कसे म्हणावे?

आणि आकडेही पाहा. अमेरिकेच्या रौप्यविजेत्या बेल्बिन आणि अगोस्टो यांचे गुण 196.06, तर ग्रुशिना आणि गोंचारोव यांचे 195.85. फरक केवळ 0.21. पडलेल्यांच्या कृपेने कोणी रौप्याच्या इतके जवळ जात नाही. आइस डान्समधले युक्रेनचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक, आणि तिशी ओलांडल्यावर मिळालेले. मला तर ते फार मोलाचे वाटते.

त्यांचा शेवटच्या फेरीचा नाच एकदा केवळ पायांकडे लक्ष देऊन पाहा आणि मग काय वाटले ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत