अफरवतच्या उतारावर खणलेल्या खड्ड्याबद्दल

आदरणीय सुभेदारसाहेब,

सप्रेम नमस्कार.

गुलमर्गहून निघताना घाईगर्दीत आपले आभार मानले खरे, पण मन भरले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. पुण्या-साताऱ्याकडची बरीच तरुण मंडळी हल्ली स्कीइंगसाठी तिकडे जातात. आपण आम्हाला जे शिकवले, ते त्यांच्याही कानावर जावे अशी इच्छा आहे.

गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने आपण गुलमर्गजवळच्या अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरच्या वर पोहोचलो, तेव्हा आभाळ निरभ्र होते आणि स्कीइंगच्या उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या गस्ती पथकाच्या हद्दीबाहेरच्या त्या उतारावर ताज्या बर्फात एकही रेघ उमटलेली नव्हती. तिथून उतरण्यास आपण नुसते ‘नाही’ म्हटले असते तरी आम्ही मान्य केले असते. आपण मात्र फावडे काढले, मोठ्या उताराच्या कडेला, तोंड त्याच दिशेला पण उंची जेमतेम असलेली सुरक्षित जागा निवडली आणि जमीन लागेपर्यंत खड्डा खणला.

त्या उभ्या भिंतीवर आपण बोट फिरवले, तेव्हा वरचा वाऱ्याने दाबून बसवलेला थर टणक लागला आणि तळाशी बोट सहज आत गेले. तळाचे कण आपण आमच्या हातमोज्यांवर ठेवले. जाड साखरेसारखे ते कण कितीही दाबले तरी गोळा होत नव्हते. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड असतो. या तफावतीमुळे बाष्प कणाकणांतून वर सरकत राहते, कणांना कोन फुटतात आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, हे आपण इतक्या सोप्या मराठीत सांगितले की ते आजही जसेच्या तसे आठवते.

नंतर आपण तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचे पाते ठेवले आणि मनगटातून दहा ठोके दिले, तेव्हा काही झाले नाही. कोपरातून ठोके सुरू होताच वरचा सगळा ठोकळा एकसंध सुटून आमच्या पायाशी आला. मोठ्या उताराचा कोन आपण मोजून दाखवला होता: ३६ अंश. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात, हे आम्ही वाचलेले होते, पण तो ठोकळा निसटताना पाहणे निराळे. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी) आणि फावडे ही गाडले गेल्यानंतरची साधने आहेत, आधीची नव्हेत, असे आपण म्हणालात. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला प्रशिक्षण घेताना हिमस्खलनात गेलेल्या १७ जवानांविषयी आपण फारच थोडे बोललात. आम्हीही अधिक विचारले नाही.

आपण आम्हाला झाडीतल्या सौम्य उताराने खाली आणले आणि वाटेतही प्रत्येक वळणावर थांबवून वारा कुठल्या बाजूने बर्फ आणून टाकतो ते दाखवत राहिलात. कारण समजावून देण्यासाठी खर्च केलेला आपला तो वेळ आणि श्रम यांबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

सवड होईल तेव्हा पुण्यास यावे आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आमच्या गटातील नव्या मुलांशी बोलावे, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
पुण्याच्या गिरिभ्रमण गटातील एक विद्यार्थी