‘यातून पोट भरणार का?’

दहावीची परीक्षा संपल्यापासून मुलाच्या गेमवरून आमच्या घरात रोज महाभारत घडत होते. आवाज चढवण्यात मीच पुढे. ‘यातून पोट भरणार का?’ हा माझा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर आमच्याच गावात आहे, हे मला फार उशिरा कळले. २०२० साली जगभर पोहोचलेला ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने घडवला. युबिसॉफ्टसारख्या गेम बनवणाऱ्या बड्या कंपनीचा स्टुडिओही इथे २००८ पासून आहे.

खेळाडू म्हणून नाव काढणारे मोजकेच, जसे क्रिकेटमध्ये. पण गेम घडवायला प्रोग्रॅमर लागतात, तसेच चित्रकार, ॲनिमेटर, लेखक, संगीतकार आणि चुका हुडकणारे टेस्टरही. ब्लेंडर (ॲनिमेशनसाठी), गोडो (गेम बनवण्यासाठी) ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. चिरंजीवांना म्हटले, आता एक गेम करून दाखव. त्यातला चेंडू जमिनीतून आरपार जात होता. दोन दिवस बसून त्याने तो अडवला आणि त्यासाठी गणिताचे पुस्तक स्वतःहून उघडले! (क्लासची फी भरूनही हे घडले नव्हते.)

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कौशल्याच्या स्पर्धांना, मात्र मान्यता दिली. आम्ही पालक दोन्ही एकाच पारड्यात टाकतो. दहावीनंतरच्या करिअर शिबिरांत शाळांनी एकदा तरी गेम स्टुडिओत काम करणाऱ्याला बोलवावे आणि पालकांनाही समोर बसवावे.

– एक पालक, कोथरूड, पुणे