गुलाबी रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात विहिरीत गटाराचे पाणी झिरपते का, हे पाहायला आपल्या भागात सर्रास शौचकुंडात ऱ्होडामाइन ६जी हा गुलाबी, चमकणारा रंग ओततात. विहिरीत झाक दिसली नाही की प्रश्न मिटला! मधल्या मातीचा हिशेब कुणी धरत नाही.

बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या थरांवर ऋणभार, तर ऱ्होडामाइनचा रेणू धनभारित. तो थेट थरांत शिरून बसतो. तिथे दाटी झाली की रेणू जोडीजोडीने चिकटतात आणि शोषलेला प्रकाश चमक न देता उष्णता होऊन जातो. उरलेली चमक मातीतले लोह खाते. फिकट द्रावणात चमचाभर काळी माती ढवळा, तासभर निवळू द्या: गाळ गुलाबी, वरचे पाणी जवळपास कोरे. काओलिनाइट या दुसऱ्या चिकणमाती-खनिजाची धनभारित कण धरण्याची ताकद याहून पुष्कळ कमी: १०० ग्रॅममागे ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचे एकक), मॉन्टमोरिलोनाइटची ८० ते १२०.

ऱ्होडामाइनपेक्षा युरानीन हा ऋणभारित, हिरवा चमकणारा रंग बरा. मात्र खानापूरकडच्या जांभ्यातले लोहाचे ऑक्साइड त्यालाही थोडे अडवतात, आणि पाण्याचा सामू (pH) ६ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झाले की त्याची हिरवी चमक मंदावते. म्हणून नमुन्यात चिमूटभर खायचा सोडा घालून मगच निळ्या टॉर्चखाली पाहा. रंग ओतण्याआधीचा नमुना तुलनेला ठेवा. बाटली उन्हात नको. आणि तपासणी संपेपर्यंत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू नका, क्लोरीन रंगच मोडून टाकते.

– एक वाचक, बेळगाव