शिकारी पक्ष्यांच्या गणनेसाठी माणसे हवीत, तीही कामाच्या दिवशी

स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची शरदातली गणना लवकरच सुरू होते आहे. ज्या टेकडीवरून आम्ही मोजतो, तिथे रविवारी माणसांची कमी नसते. खरी ओढाताण सोमवार ते शुक्रवार होते आणि हे आवाहन मुख्यतः त्या पाच दिवसांसाठी आहे.

गरुड, मोहोळघारी, भोवत्ये, ससाणे रोज सारख्या संख्येने जात नाहीत. पाऊस लागला की ते मागे खोळंबतात आणि हवा उघडताच एकदम सुटतात. एखाद्या जातीचे बहुतेक पक्षी मोजक्या दिवसांत निघून जातात. त्यातला एक दिवस मंगळवार निघाला आणि टेकडीवर कोणी नसले, तर वर्षाचा आकडा कोसळतो आणि पक्षी घटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. अमेरिकेत हॉक माउंटन या डोंगरावर १९३४ मध्ये अशीच गणना सुरू झाली. बाल्ड गरुडांत कोवळे पक्षी कमी होत चालल्याचे तिथल्या नोंदींतून दिसले आणि डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या लढ्यात तो पुरावा कामी आला. तीच जागा, त्याच वेळा, तीच पद्धत वर्षानुवर्षे सांभाळली तरच असे काही हाती लागते.

एका पाळीला चार जण लागतात: दोघे आकाश चाळणारे, एक जात ओळखणारा, एक नोंदी लिहिणारा. पक्षी ओळखता येत नाहीत म्हणून मागे राहू नका. दूरवरचा ठिपका आधी हेरणारे डोळे आम्हाला तितकेच मोलाचे आहेत.

ऊन तापले की गरम हवा वर उठते आणि पक्षी तिच्यात घिरट्या घेत चढतात. तेव्हा मोजायला गेलात तर एकच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचल्यावर ते पंख स्थिर ठेवून एकामागोमाग एक पुढे तरंगत निघतात. ठरलेली काल्पनिक रेषा ओलांडली की मगच क्लिकर, म्हणजे दर दाबाला आकडा एकाने वाढवणारे हातातले यंत्र, दाबायचा. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा पुंजका डोळ्यांत बसवावा आणि पुढे दहा-दहाने जावे. निरभ्र निळे आकाश सर्वांत अवघड, कारण दुर्बिणीचा फोकस जुळवायला समोर काहीच नसते. अशा वेळी आधी लांबच्या डोंगरावर फोकस साधून घ्यावा. ढग असतील तर त्यांच्या पांढऱ्या कडांपासून सुरुवात करावी. भोवत्या तरंगताना पंख उथळ व्ही आकारात धरतो. मोहोळघारीचे डोके कबुतरासारखे बारीक, पुढे आलेले दिसते. तरीही खात्री नसेल तर ‘अनोळखी गरुड’ एवढेच लिहावे, अंदाजाने जात लिहू नये. तिथेच वावरणाऱ्या घारी आणि शिक्रे आकड्यात धरत नाहीत. एकही पक्षी न दिसलेल्या तासाचे शून्यही लिहावेच लागते, कारण हिशेब दर तासामागे किती पक्षी असा लागतो. डोळे थकले की चुका वाढतात, म्हणून आकाश चाळणारे दर अर्ध्या तासाने बदलतात.

वस्तुरूपाने मदत करायची असेल तर ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणी, २०–६० पट मोठे दाखवणारी स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण), हातातले क्लिकर आणि पाठ टेकून वर पाहता येईल अशा खुर्च्या हव्यात. ट्रायपॉड वजनदार हवा. हलका असला तर वाऱ्यात चित्र थरथरते आणि स्कोप असून नसल्यासारखी होते. जुनी दुर्बीण चालेल, पण देण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांनी लांबचा खांब पाहावा. तो दुहेरी दिसला तर आतले काचेचे प्रिझम सरकले आहेत, ती दुरुस्तीशिवाय वापरता येत नाही.

रोख देणगी आधी हंगामभर रोज बसणाऱ्या एका प्रशिक्षित गणकाच्या मानधनासाठी वापरली जाईल. नाव नोंदवताना कोणते वार देऊ शकता आणि सकाळची पाळी हवी की दुपारची, हे जरूर कळवा.